पानातून पडद्याकडे : समृद्ध इंटरनेट-उपयोजनांचा आणि त्यांच्या तंत्रस्पर्धेचा इतिहास

इंटरनेटवरील पान मुळात वाचण्यासाठी जन्माला आले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत ज्या व्यवस्थेचा प्रस्ताव मांडला, तिचा हेतू शास्त्रज्ञांचे दस्तऐवज दुव्यांनी परस्परांशी जोडणे हा होता, आणि एचटीएमएल ही तिची भाषाही शीर्षक, परिच्छेद, यादी अशा दस्तऐवजाच्याच अवयवांना नावे देणारी होती. कारखान्यातील साठ्याची नोंद, विमाहप्त्याचा हिशेब किंवा हॉटेलातील खोलीचे आरक्षण या गोष्टी त्या पानावरून करता याव्यात, असा विचार त्या मूळ आराखड्यात नव्हता. पुढील वीस वर्षे वाचनासाठी घडवलेल्या माध्यमाकडून कामकाजाची अपेक्षा केली गेली, आणि त्या अपेक्षेपोटी जी तंत्रे उभी राहिली, एकमेकांशी झगडली आणि बहुतांशी लयाला गेली, त्यांना मिळून ‘समृद्ध इंटरनेट-उपयोजने’ हे नाव पडले. त्यांच्यापैकी कोणते तंत्र निवडावे, हा प्रश्न एके काळी जगभरच्या संगणक-विभागांना भेडसावत होता. निवड करणाऱ्यांनी बहुधा पडद्याची देखणी बाजू तोलली. निकाल मात्र पडदा चालवणारे यंत्र कोणाच्या मालकीचे आहे, यावर लागला.

या अपेक्षेचे मूळ वेबच्या आधीच्या काळात आहे. व्हिज्युअल बेसिक आणि पॉवरबिल्डर ही दोन्ही साधने १९९१ मध्ये बाजारात आली आणि त्यांच्या आधारे कार्यालयीन प्रणाली लिहिण्याची एक पद्धत रूढ झाली : विदागार सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकावर, आणि खिडक्या, तक्ते, उलगडणाऱ्या याद्या हे सारे वापरणाऱ्याच्या टेबलावरील यंत्रात. पडदा चपळ होता, एका रकान्यातील आकडा बदलताच बेरीज बदलत असे. पण प्रत्येक सुधारणा प्रत्येक यंत्रावर जाऊन बसवावी लागे, आणि शेकडो शाखा असलेल्या संस्थेला हा व्याप पेलत नसे. ब्राउझरने हा व्याप एका फटक्यात नाहीसा केला, कारण पान सर्व्हरवर बदलले की ते सर्वांसाठी बदलत असे. त्याची किंमत चपळाईने मोजावी लागली. वेबवरील अर्ज भरायचा, ‘पाठवा’ची कळ दाबायची, सबंध पान पुसले जाऊन नवे पान येईपर्यंत थांबायचे, आणि एखादी चूक निघाली तर तीच फेरी पुन्हा करायची. आयबीएमने १९७१ मध्ये आणलेली ३२७० मालिकेतील टर्मिनलेही अशीच चालत : पडद्यावरचा सबंध अर्ज भरून झाला की तो एकगठ्ठा मोठ्या संगणकाकडे जाई. पाव शतकानंतर वापरणारा पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहिला होता, फक्त हिरव्या अक्षरांच्या जागी रंगीत चित्रे आली होती.

ही उणीव भरून काढण्याचे पहिले प्रयत्न ब्राउझरच्या आत दुसरे यंत्र बसवण्याचे होते. सन मायक्रोसिस्टिम्सने मे १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर केली, आणि तिच्यात लिहिलेले ‘अॅपलेट’ नावाचे छोटे प्रोग्राम पानाच्या चौकटीत चालू लागले. त्याच सुमारास नेटस्केपने आपल्या ब्राउझरला प्लगइनची सोय जोडली. प्लगइन म्हणजे ब्राउझरच्या बाहेर तयार झालेला, पण त्याच्या पानातील एका आयताचा ताबा घेणारा प्रोग्राम. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये अॅक्टिव्हएक्स हे उत्तर दिले, ज्यात थेट विंडोजचे यंत्रसंकेत पानातून उतरवले जात आणि एकदा परवानगी मिळाली की त्यांना संगणकाची सारी दारे उघडी होत. अॅपलेट सुरक्षित कुंपणात चालत, पण सुरू व्हायला वेळ घेत आणि त्यांच्या खिडक्या भोवतालच्या पानापेक्षा परक्या दिसत. अॅक्टिव्हएक्स वेगवान होते, पण विंडोजबाहेर निरुपयोगी आणि आत धोकादायक. अशा निवडीचे ओझे किती काळ वाहावे लागते, याचे ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे त्या काळच्या ब्राउझरांत मजबूत कूटलेखन मिळत नव्हते, म्हणून त्या देशाने १९९८ च्या सुमारास ‘सीड’ ही स्वतःची कूटलेखन-पद्धती तयार केली आणि ती अॅक्टिव्हएक्सद्वारे बँकांच्या पानांत बसवली. निर्बंध सैल झाले तरी पुढे कित्येक वर्षे कोरियन नागरिकांचे बँकव्यवहार एकाच कंपनीच्या ब्राउझरला बांधलेले राहिले.

फ्लॅशचा उगम या साऱ्यापासून दूरचा होता. जोनाथन गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या फ्यूचरवेव्ह या लहानशा कंपनीने आधी लेखणीने चालणाऱ्या संगणकांसाठी चित्रे काढण्याचे साधन केले. ते संगणक चालले नाहीत, तेव्हा त्याच साधनाला हालचालीची जोड देऊन १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश अॅनिमेटर बाजारात आणले. वर्ष सरता सरता मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेतले आणि त्याचे नाव फ्लॅश झाले. चित्रे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिती वर्णनाने साठवली जात असल्याने टेलिफोनच्या तारेवरूनही ती लवकर उतरत, आणि प्लगइनचा आकार लहान असल्याने ते जवळजवळ प्रत्येक संगणकावर पोहोचले. २००० मधील फ्लॅश ५ बरोबर अॅक्शनस्क्रिप्ट ही रीतसर लिपिभाषा आली, आणि चलच्चित्रांसाठी केलेल्या या साधनात लोक अर्ज आणि तक्ते बांधू लागले. मार्च २००२ मध्ये फ्लॅश एमएक्स बाजारात आणताना मॅक्रोमीडियाने या प्रकाराला ‘रिच इंटरनेट अॅप्लिकेशन’ हे नाव दिले; जेरेमी अॅलेअर यांनी लिहिलेल्या कंपनीच्या निवेदनात त्याची मांडणी आहे. नमुना म्हणून कोलोराडोतील ब्रॉडमूर हॉटेलच्या आरक्षणाचा दाखला पुष्कळदा दिला जाई : एरवी पानामागून पान ओलांडत जाणारी आरक्षणाची प्रक्रिया तेथे एकाच पडद्यावर आणली होती, आणि तारीख बदलताच खोल्या व त्यांचे दर तेथल्या तेथे बदलत.

तरीही फ्लॅशमध्ये प्रोग्राम लिहिणे जावा किंवा सी जाणणाऱ्या माणसाला अवघड जाई, कारण ते साधन चित्रकारांच्या कालरेषेवर, म्हणजे चौकटीमागून चौकट मांडण्याच्या कल्पनेवर, उभे होते. ही दरी मार्च २००४ मध्ये आलेल्या फ्लेक्सने बुजवली. फ्लेक्समध्ये पडद्याचे वर्णन एमएक्सएमएल या खुणाभाषेत करायचे, वागणुकीचे वर्णन अॅक्शनस्क्रिप्टमध्ये करायचे, आणि दोन्हींचे रूपांतर फ्लॅशच्या फाइलीत होत असे. त्यातील सर्वांत मोलाची कल्पना ‘विदाबंधन’ ही होती : महिरपी कंसात एखाद्या मूल्याचे नाव लिहिले की ते मूल्य बदलताच पडद्यावरचा आकडा आपोआप बदलावा, प्रोग्रामरने त्याची वेगळी आठवण ठेवू नये. ही सोय आज सर्वत्र आढळते म्हणून तिचे त्या वेळचे महत्त्व कमी लेखले जाते, ते योग्य नव्हे. फ्लेक्सची पहिली आवृत्ती मात्र सर्व्हरवर बसवण्याची आणि महागड्या परवान्याची होती, त्यामुळे ती मोठ्या संस्थांपुरतीच राहिली. त्याच वर्षी लॅझलो सिस्टिम्सने आपले अशाच धाटणीचे साधन ओपनलॅझलो या नावाने मुक्तस्रोत केले. त्यातील प्रोग्राम आधी फ्लॅशमध्ये रूपांतरित होत आणि पुढे साध्या ब्राउझरच्या भाषेतही होऊ लागले. चालवणारे यंत्र बदलले तरी लिहिलेले वाया जाऊ नये, ही दूरदृष्टी त्या स्पर्धेत फार थोड्यांनी दाखवली.

दरम्यान ब्राउझर स्वतः जवळजवळ गोठला होता. नेटस्केपला नामोहरम केल्यावर मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आणला आणि त्याची पुढची आवृत्ती ऑक्टोबर २००६ पर्यंत निघाली नाही. प्लगइनांना जी पाच वर्षे मिळाली, ती या गोठण्यामुळे मिळाली. पण त्याच ब्राउझरच्या पोटात एक जुने बीज पडून होते. एक्स्चेंज २००० या टपाल-सर्व्हरसाठी आउटलुकचे वेबरूप तयार करताना, सबंध पान न पुसता पार्श्वभूमीवर सर्व्हरशी बोलण्याची गरज भासली होती; त्यासाठी लिहिलेला एक छोटा घटक मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर बाहेर पडला. तो एक्सएमएल या विदारचनेसाठीच्या कार्यसंचातून पाठवला गेला, म्हणून त्याच्या नावात ‘एक्सएमएल’ ही अक्षरे चिकटली. प्रत्यक्षात तो कोणताही मजकूर आणू शकत असे. मोझिला ब्राउझरने आणि मागोमाग इतरांनी ती सोय उचलली. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, आणि माउसने धरून ओढता येणारा नकाशा कोणत्याही प्लगइनशिवाय चालतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच फेब्रुवारीच्या १८ तारखेला जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. तंत्र सहा वर्षे जुने होते. नाव मिळाल्यावर ते निवडीच्या यादीत बसू लागले, कारण ज्याला नाव नाही त्याचा प्रस्ताव वरिष्ठांपुढे मांडता येत नाही.

२००६ ते २०१० ही निवडीची खरी कोंडीची वर्षे. अॅडोबीने डिसेंबर २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ताब्यात घेतली, सुमारे ३.४ अब्ज डॉलरच्या त्या व्यवहारातून फ्लॅश आणि फ्लेक्स दोन्ही तिच्याकडे आले. २००६ च्या उन्हाळ्यात फ्लेक्स २ निघाले, त्याचे मूळ विकास-साहित्य मोफत झाले, आणि फ्लॅश प्लेअर ९ मध्ये नवे, पुष्कळ वेगवान यंत्र आले. २००८ च्या फेब्रुवारीत फ्लेक्स ३ मुक्तस्रोत परवान्याखाली आले आणि त्याच्या जोडीला एआयआर, म्हणजे तीच उपयोजने ब्राउझरबाहेर डेस्कटॉपवर चालवणारा थर, उपलब्ध झाला. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००७ मध्ये सिल्व्हरलाइट आणले आणि ऑक्टोबर २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीत सी-शार्प भाषेत लिहिण्याची सोय दिली, ज्यामुळे डॉटनेट हा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रामसंच जाणणाऱ्या प्रचंड समुदायाला नवी भाषा शिकण्याची गरज उरली नाही. सनने मे २००७ मध्ये जाहीर केलेले जावाएफएक्स डिसेंबर २००८ मध्ये पहिल्या आवृत्तीपर्यंत पोहोचले, पण त्यासाठी स्वतंत्र लिपिभाषा शिकावी लागे. पुढे सन ओरॅकलकडे गेल्यावर २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती भाषाच वगळली गेली आणि जे शिकले होते त्यांचे श्रम फुकट गेले. ब्राउझरच्या बाजूला डोजो, प्रोटोटाइप, याहूचे वायूआय, जॉन रेसिग यांचे २००६ मधील जेक्वेरी आणि तक्त्यांसाठी वाखाणले गेलेले एक्स्ट जेएस असे जावास्क्रिप्टचे, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या लिपिभाषेचे, ग्रंथालयरूपी संच होते. गूगलचा वेब टूलकिट तर जावात लिहिलेल्या प्रोग्रामचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करी.

या गर्दीत निवड करणारा माणूस कशाकशाचा विचार करी, हे त्या काळच्या तंत्रलेखनावरून सहज उमगते. प्लगइन किती यंत्रांवर आधीच बसलेले आहे, हा पहिला प्रश्न असे, आणि येथे फ्लॅश निर्विवाद पुढे होता; इंटरनेटशी जोडलेल्या डेस्कटॉपांपैकी ९८-९९ टक्क्यांवर ते आहे, असा अॅडोबीचा दावा असे. सिल्व्हरलाइटला हा पल्ला गाठायचा होता, म्हणून मायक्रोसॉफ्टने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकचे एनबीसीवरील इंटरनेट-प्रक्षेपण त्यावर चालवले. दुसरा विचार हाताशी असलेल्या माणसांचा असे : जावाचा गट, डॉटनेटचा गट, वेबपाने रचणारा गट, यांतील ज्याचे बळ जास्त त्याच्या बाजूने निर्णय झुके. प्लगइनची उपयोजने प्रत्येक ब्राउझरमध्ये तंतोतंत सारखी दिसत, याउलट एजॅक्सचा प्रोग्राम एका ब्राउझरमध्ये चालून दुसऱ्यात कोसळे, आणि या फरकांची डागडुजी करण्यात कामाचा मोठा हिस्सा खर्ची पडे. त्या काळात फ्लेक्स निवडणाऱ्यांना अदूरदर्शी म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. त्यांच्यापुढील मोजमापांत फ्लेक्स खरोखर सरस होते. पडद्यावर हजारो ओळींचा तक्ता सरकवणे किंवा आलेख काढणे त्या वेळच्या जावास्क्रिप्टला झेपत नव्हते.

मोजमापांतून जे सुटले, ते मजकुराशी निगडित होते. प्लगइनच्या आयताच्या आत ब्राउझरचे नियम थांबत. आतील शब्द शोधयंत्रांना नीट वाचता येत नसत, आतल्या एखाद्या टप्प्याचा दुवा दुसऱ्याला पाठवता येत नसे, मागे जाण्याची कळ दाबली की वापरणारा सबंध उपयोजनाबाहेर फेकला जाई, आणि दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांना वेगळी व्यवस्था करावी लागे. यांतील प्रत्येक अडचणीवर उपाय निघाले, पण ब्राउझर जे मुळातच देत होता, ते येथे पुन्हा हाताने बांधावे लागे.

देवनागरीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते. देवनागरीत संगणकाने साठवलेला अक्षरांचा क्रम आणि पडद्यावर दिसणारा क्रम एक नसतो : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते पण आधी दिसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, आणि ‘क्ष’ वा ‘त्त’सारख्या जोडाक्षरांना स्वतंत्र आकृती लागते. ही जुळणी करणारा थर विंडोज २००० पासून त्या कार्यप्रणालीतच होता, जरी विंडोज एक्सपीमध्ये तो पुष्कळदा सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागे. त्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या फाँटांवर चालत. तो फाँट नसला की ओळी निरर्थक रोमन चिन्हांसारख्या दिसत, आणि पानासोबत फाँट पाठवण्याची मायक्रोसॉफ्टची युक्ती फक्त त्याच्या ब्राउझरमध्ये चाले. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतप्रणाली आल्यावर ब्राउझरमधील साध्या पानाला कार्यप्रणालीच्या जुळणीचा लाभ आपसूक मिळाला. फ्लॅशने २००२ मधील सहाव्या आवृत्तीत युनिकोड स्वीकारले खरे, पण उपयोजनात गुंफलेल्या फाँटातील देवनागरीची अक्षरजुळणी करणारे सक्षम मजकूर-यंत्र ऑक्टोबर २००८ मधील दहाव्या आवृत्तीतच आले, आणि त्यावर आधारलेले भारतीय लिप्यांना सामावणारे मजकूर-घटक फ्लेक्सच्या चौथ्या आवृत्तीत, २०१० मध्ये, पोहोचले. तोवर मराठीत समृद्ध पडदा हवा असणाऱ्याला मोडलेली जोडाक्षरे स्वीकारणे, मजकुराचे चित्र करून चिकटवणे किंवा साध्या पानाकडे परतणे एवढेच मार्ग होते. ज्या यंत्राचे मालक लिपीची निकड ठरवतात, त्या यंत्रात लहान बाजारपेठेच्या लिपीला रांगेत उभे राहावे लागते. पुरवठादारांच्या तुलनात्मक तक्त्यांत हा रकाना क्वचितच असे.

फासे पालटले ते दोन दिशांनी. जून २००४ मध्येच, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानकसंस्थेने उपयोजनांची गरज मनावर घेतली नाही तेव्हा, अॅपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या लोकांनी वेगळा गट काढून एचटीएमएलमध्येच चित्रफलक, चित्रफीत आणि साठवण यांची सोय करण्याचे काम हाती घेतले होते. तेच पुढे एचटीएमएल ५ झाले. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा क्रोम ब्राउझर व्ही-एट या नव्या जावास्क्रिप्ट-यंत्रासह आला, ब्राउझरांमध्ये वेगाची चढाओढ सुरू झाली आणि जावास्क्रिप्ट मंद असल्याचा जुना आक्षेप दोन-तीन वर्षांत निकालात निघाला. दुसरी दिशा फोनची होती. २००७ मधील आयफोनवर फ्लॅश नव्हते, आणि २९ एप्रिल २०१० रोजी अॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून बॅटरी, सुरक्षा, स्पर्शाने चालणारा पडदा आणि मालकी ही त्याची कारणे मांडली. अॅपलचे स्वतःचे ताबेदारीचे हेतू त्यात होते, हे उघड आहे. पण माउस हलवण्यावर बेतलेले पडदे बोटाखाली अवघडतात, हे निरीक्षण खरे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टनेही सर्व उपकरणांसाठीचा मार्ग एचटीएमएल असल्याचे सूचित केले, आणि सिल्व्हरलाइटवर गुंतवणूक केलेल्या संस्थांत खळबळ उडाली. नोव्हेंबर २०११ मध्ये अॅडोबीने फोनवरील फ्लॅशचे काम थांबवले आणि फ्लेक्स अपाची प्रतिष्ठानाकडे सोपवले. डिसेंबर २०११ मधील पाचवी आवृत्ती ही सिल्व्हरलाइटची शेवटची मोठी आवृत्ती ठरली.

हरलेल्यांचे विचार मात्र जिंकणाऱ्याच्या घरात राहायला आले. खुणाभाषेत घटक मांडणे आणि महिरपी कंसात मूल्य बांधणे ही फ्लेक्स-सिल्व्हरलाइटची रीत २०१० नंतरच्या अँग्युलर या जावास्क्रिप्ट-संचात जवळजवळ ओळखू येईल अशा रूपात दिसते, आणि २०१३ मधील रिअॅक्टने घटकांची कल्पना वेगळ्या वाटेने पुढे नेली. अॅक्शनस्क्रिप्ट ३ ही जावास्क्रिप्टच्या ज्या चौथ्या मानक-मसुद्यावर आधारली होती, तो मसुदा २००८ मध्ये मागे घेतला गेला. पण मूल्यांचे प्रकार आधी जाहीर करण्याची त्यातील शिस्त मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्टने २०१२ मध्ये जावास्क्रिप्टवर परत चढवली. फ्लेक्समध्ये घडलेल्या प्रोग्रामरांना ती नवी वाटण्याचे कारण नव्हते.

मागे राहिलेल्यांचा शेवट सावकाश आणि त्रासदायक होता. क्रोमने २०१५ मध्ये नेटस्केपच्या काळातील प्लगइनचे दार बंद केले आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश वगळता इतरांसाठी तेच केले. भारतात ई-निविदा भरताना डिजिटल स्वाक्षरीसाठी ब्राउझरमधील जावावर अवलंबून असलेल्या शासकीय संकेतस्थळांना, महाराष्ट्रातील संकेतस्थळ धरून, स्वाक्षरीचे काम ब्राउझरबाहेर हलवण्याचे मार्ग शोधावे लागले. अॅडोबीने जुलै २०१७ मध्ये साडेतीन वर्षांची मुदत जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने मजकूर दाखवणे स्वतःहून बंद केले. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही अर्ज तेव्हाही फ्लॅशमध्येच होते, आणि ते भरता यावेत म्हणून त्या खात्याला स्वतःचा वेगळा ब्राउझर वाटावा लागला. सिल्व्हरलाइटची मुदत ऑक्टोबर २०२१ मध्ये संपली.

या काळाच्या जतनाचे काम सुरू आहे, पण ते एकांगी आहे. रफल नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प फ्लॅशचे यंत्र रस्ट भाषेत नव्याने लिहून प्लगइनविना ब्राउझरमध्ये चालवतो, आणि इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्या मदतीने जुनी चलच्चित्रे व खेळ पुन्हा पाहता येतील असे ठेवले आहेत. फ्लेक्सची बहुतेक उपयोजने मात्र अॅक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये होती, ज्यासाठीचा आधार रफलमध्ये उशिराने आणि टप्प्याटप्प्याने आला. शिवाय ती संस्थांच्या बंद जाळ्यांत, परवलीच्या शब्दांमागे चालत, आणि आकडे पुरवणारा सर्व्हर बंद झाला की त्यांची फाइल हाती लागूनही पडदा रिकामाच राहतो. आरक्षणे, दावे, साठे आणि हप्ते यांचे जे पडदे हजारो कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर दिवसभर असत, त्यांच्यापैकी बहुतेकांची आज उरलेली साधने म्हणजे प्रशिक्षणाच्या पुस्तिका आणि त्यांत छापलेली पडद्यांची स्थिर चित्रे.